नासर्डीवरचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट: पातळ करत गेलं की बीओडी वाढतोय, असं का?

प्रोजेक्टवाला_सिव्हिल
नमस्कार. बी.ई. सिव्हिल, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, कॉलेज नाशिकमधलंच. चौघांचा गट. विषय: नासर्डी या नाशिकमधल्या छोट्या नदीच्या पाण्याची गुणवत्ता, सातपूर ते टाकळीचा गोदावरी संगम. ठिकाणं चार: सातपूरच्या वरच्या अंगाला, उंटवाडी, पुणे रोडवरचा नासर्डी पूल आणि संगमाच्या थोडं आधी. पीएच, डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन), बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण खाताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन), सीओडी (तीच घाण रसायनानं जाळायला लागणारा ऑक्सिजन), टीडीएस, हार्डनेस, क्लोराइड, नायट्रेट, फॉस्फेट वगैरे मिळून १४ घटक तपासायचं ठरलंय.

अडचण बीओडीची. वाटेतल्या एका नाल्याचा नमुना ३०० मिलीच्या बाटल्यांत, उरलेली बाटली डायल्युशन वॉटरनं (पातळ करायच्या पाण्यानं) भरून, २७ अंशांवर, ३ दिवस ठेवला. सुरुवातीचा डीओ सगळीकडे ७.३ मि.ग्रॅ./लि. बीओडी = डीओची घट × ३०० ÷ नमुन्याचे मिली.

१५ मिली नमुना: शेवटचा डीओ ४.९, बीओडी ४८
६ मिली नमुना: शेवटचा डीओ ५.२, बीओडी १०५
३ मिली नमुना: शेवटचा डीओ ५.३, बीओडी २००

पाणी एकच आणि उत्तरं तीन. रिपोर्टात कुठलं लिहायचं? गाइड म्हणतात सरासरी घ्या.

गोदाकाठ
सरासरी अजिबात नको. जास्त पातळ केल्यावर बीओडी वाढतो हे विषारीपणाचं ठरलेलं लक्षण आहे. सातपूर-अंबड पट्ट्यात प्लेटिंगची कामं चालतात. क्रोमियम, निकेल, सायनाइड यातलं काही पाण्यात असेल तर जिवाणू दबतात, ऑक्सिजन कमी खातात, म्हणून बीओडी खोटाच कमी दिसतो. पातळ केलं की विष सौम्य होतं, जिवाणू कामाला लागतात. एकूण क्रोमियम तपासून घ्या. सीओडी भागिले बीओडी हे गुणोत्तरही काढा. घरगुती सांडपाण्यात ते साधारण २ ते २.५ असतं, ४-५ च्या वर गेलं की नाल्यात नुसतं घरगुती पाणी नाही असं समजायचं.

आणि सुरुवातीचा ७.३ कमी वाटतो. २७ अंशांना ८ च्या आसपास यायला हवा. डायल्युशन वॉटरमध्ये हवा नीट सोडली होती का?

ब्युरेट
गोदाकाठ, जरा थांबा. क्रोमियमपर्यंत जायच्या आधी बीओडीचा रकाना झाका आणि नुसती घट बघा. २.४, २.१, २.०. नमुना पाचपट कमी झाला तरी घट जवळजवळ तेवढीच. म्हणजे ऑक्सिजन नमुन्यानं खाल्लेलाच नाही, तो डायल्युशन वॉटरनं खाल्लाय. जवळपास सारख्या घटीला २०, ५० आणि १०० नं गुणल्यावर उत्तरं अशीच फाकणार.

प्रोजेक्टवाला, ब्लँक लावला होता का? नुसतं डायल्युशन वॉटर भरलेली बाटली, तीन दिवस, त्याच इनक्युबेटरमध्ये. तिचे आकडे द्या.

७.३ मात्र बरोबर आहे. ८ हा आकडा समुद्रसपाटीचा. नाशिक साधारण ६०० मीटरवर, हवेचा दाब सुमारे सात टक्क्यांनी कमी, त्यामुळे २७ अंशांना संपृक्त डीओ ७.४ च्या आसपासच येतो. उलट इथं कुणी २७ अंशांना ८.५ लिहिला असेल तर एकतर पाण्यात शेवाळ भर उन्हात ऑक्सिजन सोडतंय, नाहीतर थायोसल्फेटची (डीओच्या टायट्रेशनचं द्रावण) ताकद उतरलीय.

प्रोजेक्टवाला_सिव्हिल
ब्लँक होता. ७.३ वरून ५.६. गणितात धरला नव्हता कारण सीड (जिवाणूंसाठी घालतात ते थोडं सांडपाणी) घातलं नव्हतं, आणि प्रॅक्टिकलच्या जर्नलमधल्या सूत्रात ब्लँक नाही.

ब्युरेट
मग निदान झालं. ब्लँकमध्ये घट ०.२ च्या आत हवी, तुमच्याकडे १.७ आहे. ती वजा केली तर तीन बाटल्यांत उरतात ०.७, ०.४ आणि ०.३. वैध वाचनासाठी तीन दिवसांत किमान २ मि.ग्रॅ./लि. घट आणि शेवटी किमान १ मि.ग्रॅ./लि. डीओ शिल्लक, या दोन्ही अटी लागतात. तिन्ही बाटल्या बाद. वजाबाकी करून १४, २०, ३० येतील, पण तेही लिहू नका. विंकलरमध्ये (डीओ टायट्रेशननं मोजायची पद्धत) पाव मि.ग्रॅ. इकडे-तिकडे होणं काही अवघड नाही, आणि इथं अख्खं उत्तरच तेवढ्या फरकावर उभं आहे. एवढंच कळतं की बीओडी बहुधा दोन आकडी आहे आणि नमुना फार थोडा घेतला गेला.

नमुना किती घ्यायचा ते अंदाजावरून ठरवतात. घट ४ च्या आसपास यावी असं बघायचं. मिली = ४ × ३०० ÷ अपेक्षित बीओडी. बीओडी २० असेल तर ६० मिली, कच्चं सांडपाणी २०० चं असेल तर ६ मिली, नदीचं पाणी ८ चं असेल तर १५० मिली. अपेक्षित आकडा कुठून आणायचा? आधी सीओडी करा, दोन-अडीच तासांत हातात येतो, त्याचा निम्मा धरा. त्याच्या आजूबाजूला तीन प्रमाणं लावा, उदाहरणार्थ ३०, ६० आणि १२० मिली. दोन बाटल्या तरी अटीत बसतात आणि त्यांची उत्तरं एकमेकांजवळ आली की मगच विश्वास ठेवायचा. हे सगळं करूनही बीओडी चढतच गेला तर गोदाकाठ म्हणतात ते विष शोधायला निघा.

आता डायल्युशन वॉटर कुठं नासतं ते क्रमानं बघा.

पहिला संशय पाण्यावर. बऱ्याच लॅबमध्ये डिस्टिल्ड म्हणून जे मिळतं ते रेझिनच्या कॉलममधून आलेलं डीआयोनाइज्ड पाणी असतं. क्षार जातात, पण जुनं रेझिन स्वतःच सेंद्रिय पदार्थ सोडतं आणि त्यावर जिवाणू वाढतात. कंडक्टिव्हिटी (क्षारांमुळे येणारी विद्युतवाहकता) शून्याजवळ दिसते, म्हणून कुणाला शंका येत नाही. काचेच्या डिस्टिलेशनचं पाणी घ्या.

दुसरा संशय फॉस्फेट बफरवर. बाटली उजेडात धरून हलवा. तळाशी चिकट धागे किंवा गढूळपणा दिसला तर फेकून नवा करा. प्रत्येक लिटरला फॉस्फेट बफर, मॅग्नेशियम सल्फेट, कॅल्शियम क्लोराइड आणि फेरिक क्लोराइड प्रत्येकी १ मिली, हे प्रमाण तर माहीत असेलच.

तिसरा संशय हवेच्या नळीवर. माशांच्या टाकीचा पंप चालतो, त्यात गैर काही नाही. पण नळी काळपट झाली असेल किंवा दगड आधी खरंच टाकीत वापरलेला असेल तर तुम्ही हवेबरोबर सीडच घालताय. नवी सिलिकॉन नळी घ्या. हवा एक तास सोडा, मग तोंडाला कापूस लावून पाणी काही तास २७ अंशांवर स्थिर होऊ द्या.

हे शेवटचं डिसेंबर-जानेवारीत टाळू नका. नाशिकच्या थंडीत सकाळी पाणी १८-२० अंशांवर असतं, त्यात डीओ साडेआठ बसतो. तसंच भरून २७ अंशांत ठेवलं की जादा ऑक्सिजनचे बुडबुडे बुचाखाली जमतात आणि ती घट तुम्ही बीओडी म्हणून लिहिता.

मी_फक्त_वाचतो
विंकलरऐवजी सरळ डीओ मीटर का नाही वापरत?

ब्युरेट
वापरा की. ऑप्टिकल प्रोब असेल तर उत्तम. मेम्ब्रेनवाला असेल तर ढवळणी चालू हवी आणि मेम्ब्रेनखाली बुडबुडा नको. कॅलिब्रेशन करताना हवेचा दाब किंवा उंची भरावी लागते. कुणीतरी उंची ० ठेवलेली असते आणि वर्षभर सगळे आकडे सात टक्के चढे येतात. आठवड्यातून एकदा विंकलरशी ताडून बघा.

विंकलर करणार असाल तर मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड ही दोन्ही द्रावणं पिपेटचं टोक पाण्यात बुडवून सोडा, वरून थेंब टाकू नका. बुच लावून १५ वेळा उलटीपालटी करा. तपकिरी साका म्हणजे ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर डीओ शून्य, पुढं जायची गरज नाही. साका अर्ध्यावर बसल्यावर ॲसिड. प्रत्येकी २ मिली घातलं असेल तर टायट्रेशनला २०३ मिली घ्यायचं, १ मिली घातलं असेल तर २०१. म्हणजे मूळ पाणी २०० मिली धरलं जातं आणि ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटचा १ मिली बरोबर १ मि.ग्रॅ./लि. होतो. स्टार्च फिकट पिवळ्यावर, आधी नाही. निळा गेल्यावर मिनिटभरानं परत आला तर तो धरू नका, पहिल्यांदा गेला तोच एंड पॉइंट. लगेचच परत येत असेल तर अझाइड जुनं झालंय आणि नायट्राइट त्रास देतंय.

थायोसल्फेट दर खेपेला स्टँडर्डाइज करा. ०.०२५ नॉर्मल डायक्रोमेट, म्हणजे लिटरला १.२२६ ग्रॅम. त्याचे २० मिली, पोटॅशियम आयोडाइड आणि ॲसिड, पाच मिनिटं अंधारात, मग टायट्रेशन. थायोसल्फेट २१.३ मिली लागलं तर ते ०.०२३५ चं उरलंय, आणि तुमचा ७.३ प्रत्यक्षात ६.९ आहे.

गोदाकाठ
ब्युरेट, घटीचा मुद्दा मान्य. माझं लक्ष उत्तरांच्या रकान्यावरच होतं.

पण आता मूळ प्रोजेक्टबद्दल बोलतो. चार ठिकाणं, १४ घटक, महिन्यातून एकदा, मग बार चार्ट आणि शेवटी 'पाणी पिण्यायोग्य नाही' हा निष्कर्ष. दरवर्षी हेच छापलं जातं. नाल्याच्या पाण्याची तुलना आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकाशी करण्यात अर्थ नाही, नासर्डीचं पाणी पिण्यायोग्य आहे असा कुणाचाही दावा नाही. तुलना करायची तर दोन मापं आहेत. बाहेर सोडायच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा बीओडी ३०, सीओडी २५०, तरंगते घन १०० मि.ग्रॅ./लि. आणि संगमाखाली गोदावरीत लोक उतरतात म्हणून आंघोळीच्या पाण्याचे निकष: बीओडी ३ किंवा कमी, डीओ ५ किंवा जास्त, पीएच ६.५ ते ८.५, फीकल कॉलिफॉर्म (विष्ठेतून येणारे जिवाणू) १०० मिलीत शक्यतो ५०० पर्यंतच असावेत, कमाल २५००. सिंहस्थ तोंडावर आहे, दुसरं माप लोकांना जास्त कळेल.

आणि प्रवाह कुठंय? यादीत १४ घटक आहेत, पण पाणी किती वाहतं ते एकाही रकान्यात नाही. संहती एकटी काहीच सांगत नाही. भार मोजा, म्हणजे प्रवाह गुणिले संहती. समजा नासर्डी ०.३ घनमीटर प्रति सेकंद वाहतेय आणि बीओडी ४० आहे. सेकंदाला १२ ग्रॅम, दिवसाला हजार किलोच्या वर. गंगापूर धरणातून आवर्तन चालू असताना गोदावरीत समजा ५ घनमीटर आहे, बीओडी ४. संगमाखाली मिश्रण:

(५ × ४ + ०.३ × ४०) ÷ ५.३ = ६

आवर्तन संपलं, गोदावरीत ०.५ उरलं, नासर्डी तीच:

(०.५ × ४ + ०.३ × ४०) ÷ ०.८ = १७.५

नासर्डीत घाण काडीची वाढली नाही, तरी खाली बीओडी जवळजवळ तिप्पट. प्रवाह न मोजता महिन्याला एक नमुना घेणारा गट इथं 'मार्चमध्ये प्रदूषण वाढले' असं लिहून मोकळा होतो.

प्रोजेक्टवाला_सिव्हिल
कॉलेजकडे करंट मीटर आहे पण बंद पडलाय. प्रवाह कसा मोजायचा?

गोदाकाठ
नदीत फ्लोट पुरतो. सरळ, एकसारखा २० मीटरचा तुकडा निवडा. रुंदीचे पाच भाग करून प्रत्येक भागाची खोली काठीनं मोजा, काठावरूनच किंवा पुलावरून दोरीनं. पाण्यात उतरू नका, तळाला काचा असतात आणि ते शेवटी सांडपाणी आहे. फ्लोट म्हणून संत्रं सगळ्यात बरं, बरंचसं बुडतं आणि वारा लागत नाही. थर्माकोल घेतला तर तुम्ही वारा मोजता. पृष्ठभागाच्या वेगाला ०.८५ नं गुणून सरासरी वेग घ्या.

लहान नाल्यात ९० अंशांचा व्ही नॉच (V आकाराची खाच कापलेला पत्रा) आडवा बसवता येतो. ३ मिमी पत्रा, धार पाणी येतं त्या बाजूला, कडेनं मातीच्या गोण्या. प्रवाह = १.३८ × उंचीचा २.५ वा घात, उंची मीटरमध्ये. २० सेंमीला सेकंदाला २४.७ लिटर येतं, दिवसाला सुमारे २१ लाख लिटर. उंची खाचेवर मोजायची नाही, तिथं पाणी खाली वाकलेलं असतं. उंचीच्या तीन-चार पट मागं पट्टी रोवा. खालच्या बाजूला पाणी मोकळं पडत नसेल तर हे सूत्र लागू नाही.

वेळही बघा. वस्तीचं सांडपाणी सकाळी चढतं, दुपारी उतरतं, पहाटे अगदी कमी. सकाळी अकराचा एक डबा म्हणजे दिवस नव्हे. चारपैकी दोन ठिकाणं सोडून द्या, पण उरलेल्या दोन ठिकाणी २४ तास, दर दोन तासांनी नमुना घ्या आणि प्रवाहाच्या प्रमाणात मिसळून एक कॉम्पोझिट करा. चौघंजण आहात, पाळ्या लावा. १४ घटकांपेक्षा पीएच, कंडक्टिव्हिटी, सीओडी, बीओडी, अमोनिया एवढेच नीट करा.

संगमाखाली नमुना घेताना कंडक्टिव्हिटी मीटर घेऊन आधी काठापासून काठापर्यंत वाचनं घ्या. उजव्या काठाला ९०० आणि डाव्याला ३०० असेल तर दोन्ही पाणी अजून मिसळलेलं नाही. आणखी खाली सरका.

जुना_एसटीपी
दोन भर घालतो.

नमुन्यांचं जतन. सीओडी आणि अमोनियाच्या बाटलीत जागेवरच सल्फ्युरिक ॲसिड, पीएच २ च्या खाली. बीओडीच्या बाटलीत ॲसिड चालत नाही, ती बर्फात, आणि शक्यतो ६ तासांत लावायची. डीओ जागेवर फिक्स करायचा, लॅबमध्ये आणून नाही. एकाच डब्यातून सगळं करणारे गट पाहिले की हात जोडावेसे वाटतात.

दुसरं, तपोवन किंवा आगरटाकळीच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं बाहेर पडणारं पाणी घ्यायचं असेल तर विभागप्रमुखांचं पत्र महापालिकेला द्या, आयत्या वेळी गेटवर जाऊन काही होत नाही. क्लोरिन मारलेलं पाणी असेल तर त्यात जिवाणूच उरलेले नसतात, बीओडी छान कमी येतो आणि तो खोटा असतो. सोडियम सल्फाइटनं क्लोरिन काढा, लिटरला १-२ मिली निवळलेलं सांडपाणी सीड म्हणून घाला आणि सीडची वेगळी बाटली लावून तिची घट वजा करा. यूएएसबीमधून (हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंची प्रक्रिया टाकी) थेट आलेलं पाणी असेल तर उलटं होतं: त्यात सल्फाइड असतं, ते आधी काही मिनिटांतच ऑक्सिजन खाऊन टाकतं. शिवाय विंकलरच्या आयोडिनशी भांडतं, डीओ कमी दाखवतं. तिथं प्रोबच वापरा. यूएएसबीनंतर पॉलिशिंग पाँड (पाणी आणखी सुधारणारं तळं) का लागतो हा प्रश्न तोंडीला हमखास येतो: एकट्या यूएएसबीनं बीओडी ३० च्या खाली जात नाही आणि पाण्यात डीओ नसतो.

द्राक्षपट्टा
थोडं विषयांतर. आमचा गट वायनरीच्या सांडपाण्यावर करतोय. पीएच ४, बीओडी ५०००, रोज २० घनमीटर. प्रयोगशाळेतल्या ॲक्टिव्हेटेड स्लजच्या टाकीत (हवा सोडून जिवाणूंचा गाळ वाढवतात ती) स्लज सारखा फुगतो, तळाला बसत नाही.

जुना_एसटीपी
वेगळा धागा काढायला हवा होता, पण उत्तर छोटं आहे. वायनरीच्या पाण्यात साखर आणि अल्कोहोल भरपूर, नायट्रोजन-फॉस्फरस जवळपास नाहीच. उपाशी ठेवलं की तंतूसारखे जिवाणू माजतात. बीओडी : नायट्रोजन : फॉस्फरस १०० : ५ : १ धरा. तुमचा भार रोज १०० किलो, म्हणजे ५ किलो नायट्रोजन आणि १ किलो फॉस्फरस. डीएपीमध्ये फॉस्फरस सुमारे २० टक्के, तेव्हा ५ किलो डीएपी, त्यातून ०.९ किलो नायट्रोजन आला. उरलेल्या ४.१ साठी ४६ टक्क्यांचा युरिया, ९ किलो. टाकीच्या आकारमानानुसार हेच प्रमाण खाली आणा. पीएच आधी ७ च्या जवळ, चुन्यानं किंवा सोड्यानं. एसव्हीआय (स्लज किती नीट बसतो त्याचा आकडा) रोज काढा: लिटरभर मिश्रणातून अर्ध्या तासात बसलेलं मिली × १००० ÷ एमएलएसएस (टाकीतल्या स्लजचं प्रमाण, मि.ग्रॅ./लि.). १०० ठीक, १५० च्या वर सावध, ३०० म्हणजे स्लज बाहेर वाहून चाललाच आहे. हंगाम जानेवारी ते मार्च, एप्रिलमध्ये टाकीला खायला काही नसेल याचाही विचार रिपोर्टात हवा.

बीओडी लावताना थेट पाव मिली पिपेटनं घेऊ नका. आधी १० मिलीचं १ लिटर करा, मग त्यातलं २४ मिली बाटलीत.

मी_फक्त_वाचतो
यानंतर एम.टेक. करायचं असेल तर गेट सिव्हिलमधून द्यावी का पर्यावरणातून?

गोदाकाठ
२०२१ पासून पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीचा वेगळा पेपर आहे. नोकरीचा पर्यायही हवा असेल तर सिव्हिल सोडू नका. नियमात बसत असेल तर दोन्ही द्या, पण जिथं जायचंय त्या संस्थेचं प्रवेशपत्रक आधी वाचा. यावर जुने धागे आहेत, इथं नको.

प्रोजेक्टवाला_सिव्हिल
सगळ्यांचे आभार. काचेच्या डिस्टिलेशनच्या पाण्याचा नुसता ब्लँक लावला: ७.३ वरून ७.२. उंटवाडी आणि संगम एवढी दोनच ठिकाणं ठेवतोय. गाइडना भाराचं गणित दाखवलं, त्यांनी होकार दिला. शेवटची शंका: सीओडीला डायक्रोमेट घालून उकळल्यावर फ्लास्क हिरवा झाला तर टायट्रेशन करायचं का?

ब्युरेट
नाही. हिरवा म्हणजे डायक्रोमेट संपलं, नमुना जड आहे. पाचपट पातळ करून परत. त्याचबरोबर क्लोराइड आधी मोजून घ्या. २० मिली नमुन्याला ०.४ ग्रॅम मर्क्युरिक सल्फेट घालता तेव्हा ते २००० मि.ग्रॅ./लि. पर्यंतचंच क्लोराइड आवरतं. ते ॲसिडच्या आधी घालून विरघळू द्या. ॲसिड सिल्व्हर सल्फेटवालं हवं, साधं नाही.

उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका. त्यात पारा, चांदी आणि क्रोमियम तिन्ही आहेत. झाकणाच्या काचेच्या बरणीत साठवा, वर लेबल आणि तारीख, आणि लॅब असिस्टंटकडून घातक कचऱ्याच्या रजिस्टरला नोंद करून घ्या. बीओडीच्या बाटल्यांचं वॉटर सील (बुचाभोवती हवा अडवायला ठेवलेलं पाणी) रोज सकाळी बघा, २७ अंशांतही ते सुकतं. इनक्युबेटर रात्री वीज गेल्यावर परत आपोआप चालू होतो का, तेही एकदा मेन स्विच बंद करून तपासा. काही मॉडेलमध्ये बटण पुन्हा दाबावं लागतं.